बंदूक ठाण्यात, डुकरं वावरात, आणि पावती कोणाजवळच नाही

जागल्या_राळेगाव

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या घरचा आहे, पण असा अनुभव आपल्याकडे बऱ्याच जणांना आला असेल, म्हणून इथे मांडतोय. लांब होईल, तरी पूर्ण वाचा.

बाबांच्या नावावर पीक संरक्षणाचा परवाना आहे. भरमार बंदूक, म्हणजे ठासणीची, एकनळी. आधी आजोबांची होती. दस्ता एकदा चिरला तेव्हा आजोबांनी त्यावर पितळी तार गुंडाळली. सात वेढे आहेत, शेवटचा थोडा सैल. लहानपणी जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, गेलो की मचाणावर त्या तारेवरून बोट फिरवत बसायचो. गेल्या दहा वर्षांत बाबांनी तिच्यानं एकही जनावर मारलेलं नाही. डुकरांचा कळप धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आत शिरला की नळी आभाळाकडे करून एक बार काढायचा, बस. तेवढ्यानं दोन-तीन रात्री निभतात.

15 ऑक्टोबर 2024 ला विधानसभेची आचारसंहिता लागली. तीन दिवसांत बीट जमादारांचा फोन आला, "परवान्याच्या सगळ्याच बंदुका जमा करून घेऊन राह्यलो, आजच आणा." बाबा 74 वर्षांचे. त्यांना गाडीवर मागं बसवलं, बंदूक पोत्यात गुंडाळून त्यांच्या मांडीवर दिली आणि गेलो. पावती मागितली तर वहीचं पान फाडून त्यावर "1 बंदूक जमा" एवढं लिहून मिळालं. परवाना क्रमांक नाही, शिक्का नाही. सही आहे, पण कोणाची ते लागत नाही.

23 नोव्हेंबरला निकाल लागला. तूर फुलावर होती. डिसेंबरात दोनदा गेलो. एकदा "मोहरर (नोंदी ठेवणारा) सुट्टीवर आहे", एकदा "आता जिल्हा परिषद येईन, कायले नेता?" शेवटी जानेवारीत मालखाना, म्हणजे ठाण्यातली जमा मालाची खोली, उघडला आणि एक बंदूक आणून बाबांच्या हातात दिली. दस्त्याला तार नाही. घोडाही वेगळा. बाबांनी ती उलटी-सुलटी करून पाह्यली आणि म्हणाले, "हे माझी नाही." उत्तर आलं, "काका, लोखंड लोखंडच असते. सही करा अन् घेऊन जा."

बाबांनी सही केली नाही. आम्ही रिकाम्या हातानं घरी आलो. त्या रात्री हरभऱ्याच्या दोन पट्ट्या डुकरांनी नांगरल्यासारख्या उकरल्या.

हरभरा पुन्हा पेरता येईल. झोप उडाली आहे ती वेगळ्याच गोष्टीनं. आमच्या परवान्यावरची बंदूक कुठंतरी आहे. ती आमच्याकडे नाही हे दाखवायला आमच्याजवळ फाटक्या पानाशिवाय काही नाही. उद्या तिनं कोणाचा जीव गेला, तर पोलीस आमच्याच दारात येतील. काय करावं?

तूरवाली

दादा, बाबांना माझा नमस्कार सांगा. सही केली नाही हे फार मोठं काम केलं त्यांनी. ठाण्यात उभं राहून "नाही" म्हणायला छाती लागते.

अमरावतीची_वकील

भाऊ, ती दुसरी बंदूक आणली नाहीत हे खरंच बरं झालं. परवान्यावर जी नोंदलेली आहे तीच बाळगता येते. दुसऱ्याची बंदूक तुमच्या घरात सापडली तर ती विनापरवाना धरली जाते. शस्त्र अधिनियमात 2019 ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून त्याला किमान 2 आणि जास्तीत जास्त 5 वर्षं शिक्षा आहे. एका सहीनं काका आरोपी झाले असते.

आता "सगळ्याच बंदुका जमा" याबद्दल. असा सरसकट आदेश चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर हाच प्रश्न आला होता, आणि त्यानंतर निवडणूक आयोगानं 1 सप्टेंबर 2009 ला सूचना काढल्या. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीनं एकेका परवानाधारकाचा विचार करून ठरवायचं. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले, यांच्यावर मुख्य नजर. जमा करणाऱ्याला रीतसर पावती द्यायची आणि निकालानंतर आठवडा उलटला की शस्त्र परत करायचं. तुमच्या बाबांचं नाव त्या समितीपुढं कधी गेलं होतं का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

करायचं काय ते सांगते. ठाणेदारांच्या नावे अर्ज, दोन प्रती. परवाना क्रमांक, बंदुकीवरचा क्रमांक, पितळी तारेचे सात वेढे, जमा केल्याची तारीख, दाखवलेली बंदूक आपली नाही हे, सगळं लिहा. एका प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पोलीस अधीक्षकांना आणि कलेक्टर कचेरीच्या गृह शाखेला पाठवा. सोबत माहिती अधिकारात जमा शस्त्रांच्या नोंदवहीतल्या त्या दिवसाच्या पानाची प्रत मागा. त्याला 30 दिवसांची मुदत आहे.

आणि हे आजच करा: त्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी. सर्वोच्च न्यायालयानं 2 डिसेंबर 2020 ला प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले. चित्रण 18 महिने ठेवायचं, ते शक्यच नसेल तर निदान एक वर्ष. म्हणजे ऑक्टोबरात काका पोतं उघडताना दिसतात ते चित्रण आज तिथं असायलाच पाहिजे.

घाटंजीकर

मी सरळ बोलतो. माह्या सहा एकरात तीन वर्षं झाले ज्वारी पेरली नाही. भुईमूग तर गावानंच सोडला. रोही (नीलगाय) अन् डुक्कर ठेवतच नाई काही. परवान्याले अर्ज केला त्याले दोन वर्षं झाले, पोलीस पाटलाचं झालं, तलाठ्याचं झालं, ठाण्यातून कागदच पुढं सरकत नाई. अमेरिकेत मानूस दुकानात जाऊन बंदूक आनते, तिथं तो घटनेचा हक्क हाय. आमाले आमच्या वावरासाठी एक भरमार भेटत नाई. शेतकऱ्यावर एवढा अविश्वास काहून?

अमरावतीची_वकील

घाटंजीकर भाऊ, तो हक्क आपल्या घटनेत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका जामिनाच्या सुनावणीत हा फरक स्पष्ट सांगितला: तिकडे शस्त्र बाळगणं मूलभूत हक्क आहे, इथे परवान्याशिवाय कोणालाही तो नाही. पण तुमची बाजू कायद्यात अगदीच रिकामी नाही. 1959 च्या अधिनियमाच्या कलम 13 मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि ती पुरेशी नाही असं प्राधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. 2016 च्या नियमांत पोलिसांच्या अहवालाला 30 दिवस आणि तो आल्यावर निर्णयाला 60 दिवस दिले आहेत. दोन वर्षं कागद दाबून ठेवायची सोय त्यात कुठेच नाही. नाकारायचं असेल तर कारण लेखी नोंदवावं लागतं आणि कलम 18 खाली अपील आहे. तुम्हाला "नाही" असंही लिहून मिळालेलं नाही, म्हणून अपीलही करता येत नाही. अडचण तिथं आहे.

तूरवाली

घाटंजीकर दादा, तुमचं नुकसान मला कळतं. आमचंही तेच होतं. पण परवाना मागताना आमच्यासारख्या घरांचंही ऐका.

अंधारात डुक्कर दिसत नाही, नुसती हालचाल दिसते. तुरीत माणूस ओणवा असला तरी तसंच हलतं. आमच्या शेजारच्या गावात एकानं डुक्कर समजून बार काढला, आणि तुरीत पाणी ओलायला वाकलेला माणूस गेला. दोन्ही घरं बसली. एकाचा कर्ता गेला, दुसऱ्याचा तुरुंगात.

आणि माझा सख्खा भाऊ करंटनं गेला. बंदूक नव्हती म्हणून शेजाऱ्यानं धुऱ्यावर बारीक तार ओढून लाईन सोडली होती. पहाटे भाऊ बैल सोडायला गेला. मी पोचले तेव्हा त्याचा एक बूट तारेपाशी होता, दुसरा पायात. पोलीस आले, तार गुंडाळून घेऊन गेले. पंचनाम्यात तार किती फूट, कुठून जोडली, काहीच नव्हतं. तारीखसुद्धा दुसऱ्या दिवशीची पडली. खटल्यात शेजारी सुटला. आज तो धुऱ्यावर भेटतो, मान खाली घालतो. त्याच्यावर माझा राग उरलेला नाही. राग आहे तो त्या पंचनाम्यावर.

म्हणून मला बंदूक द्या की देऊ नका यापेक्षा हे जास्त वाटतं, की वावरात माणूस मेला तर येणाऱ्यानं नीट लिहावं.

धुऱ्यावरचा_वरूड

ताई, वाचून सुन्न झालो.

एक माहिती जोडतो, कारण गैरसमज फार आहे. पीक संरक्षणाचा परवाना असला म्हणून डुक्कर किंवा रोही मारता येतो असं नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 11 खाली वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. मारलेलं जनावर सरकारच्या मालकीचं, घरी नेता येत नाही. जीव वाचवायला मारावं लागलं तर ती गोष्ट निराळी, त्याला कायद्यानं सूट आहे. आमच्या बाजूला 2017 मध्ये बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली एक तरुण वाघीण फिरत फिरत वरूडकडे आली आणि शेतातल्या करंटनंच मेली. माणूस असो की वाघ, तार कोणाला ओळखत नाही.

बोराटी_रोड

वाघिणीचा विषय निघाला म्हणून. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री आमच्या गावाजवळ अवनी मारली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. तेरा माणसं गेली होती तिच्यापायी. ती गेली म्हणून गावात फटाके फुटले आणि मीही त्यात होतो. पण पुढं व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत आलं, की गोळी झाडणाऱ्याच्या नावावर ते काम नव्हतंच, आणि शस्त्र कायद्याचाही भंग झाला. सरकारी मोहीम, सरकारी गाड्या, एवढे अधिकारी, तरी बंदूक कोणाच्या हातात आहे हे कोणी पाह्यलं नाही. माझ्या काकाचा परवाना मात्र नूतनीकरणाला दहा दिवस उशीर झाला म्हणून त्याला तीन चकरा मारायला लावल्या होत्या. इतकंच सांगायचं होतं.

बेड्यावरचा

मी पहिल्यांदाच लिहितोय. जागल्या दादा, तुमची पोस्ट तीनदा वाचली.

मी फासेपारधी आहे. आमचा बेडा, म्हणजे वस्ती, गावापासून दोन किलोमीटरवर, नाल्यापलीकडे. आमच्या आज्याच्या हातात फासे होते, तितर-लावे धरायचा. इंग्रजांनी 1871 ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि आमची नोंद जन्मापासून गुन्हेगार म्हणून झाली. 31 ऑगस्ट 1952 ला तो रद्द झाला. कागदावरून गेला. ठाण्याच्या डोक्यातून गेला नाही.

तुम्ही लिहिलं की बंदुकीनं काही झालं तर पोलीस आमच्या दारात येतील. दादा, तुमच्या दारात ते येतील, खुर्चीवर बसतील, चहा घेतील आणि विचारतील. आमच्याकडे विचारायला येत नाहीत. तीन वर्षांपूर्वी तालुक्यात एका ठिकाणी भरमार चोरीला गेली. पहाटे चारला दोन गाड्या बेड्यावर आल्या. माझा मोठा भाऊ, चुलता आणि चुलत्याचा पोरगा, तिघांना उचललं. पोरगा तेव्हा अकरावीत. चौथ्या दिवशी सोडलं. ना अटक दाखवली, ना डायरीत नाव. भावाच्या तळपायाची सूज पंधरा दिवस उतरली नाही. माय रोज हळद गरम करून लावायची आणि एक शब्द बोलायची नाही. बंदूक पुढं मालकाच्याच भाच्याकडे निघाली. आमच्याकडे कोणी परत आलं नाही, सांगायलासुद्धा नाही.

तुमची बंदूक मालखान्यात हरवली असेल तर ती कधी ना कधी "सापडवावी" लागेल. कोणाच्या घरात सापडेल असं वाटतं तुम्हाला? म्हणून हात जोडून सांगतो, आजच्या आज लेखी द्या. तुम्ही गप्प बसलात तर त्याची किंमत तुमच्याऐवजी आमच्यासारखं कोणी भरेल.

जागल्या_राळेगाव

दादा, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. बाबांना तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. ते बराच वेळ ओसरीवर बसून होते, मग म्हणाले, अर्ज उद्याच द्यायचा. जातो.

वकील ताई, ठाण्यात मोबाईलवर चित्रण केलं तर गुन्हा होतो का? तिथं तशी पाटी लावलेली आहे.

अमरावतीची_वकील

जुलै 2022 मध्ये नागपूर खंडपीठानं वर्ध्याच्या एका प्रकरणात सांगितलं आहे, की पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते अधिनियमातलं प्रतिबंधित ठिकाण नाही. तिथं व्हिडिओ काढला म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. तरी कामात अडथळा आणला असं म्हणायला जागा ठेवू नका. शांतपणे, मोबाईल खिशाला लावून, आवाज न चढवता.

बेड्यावरच्या दादा, तुमच्यासाठी दोन गोष्टी. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचं चित्रण करणं बंधनकारक आहे, आणि ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे जायला हवं. उद्या कोणाच्या झोपडीत बंदूक "मिळाली" तर पहिला प्रश्न हाच: चित्रण कुठं आहे? दुसरं, चार दिवस डांबून ठेवणं आणि मारहाण. सर्वोच्च न्यायालयाच्या पोलीस सुधारणांवरच्या 2006 च्या प्रकाश सिंह निकालानंतर महाराष्ट्रानं 2014 ला पोलीस कायदा बदलून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणलं. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, या तक्रारी तिथं जातात. तुमच्या भावाचं दवाखान्याचं एखादं कागद, एखादा फोटो असेल तर जपून ठेवा. मला निरोप करा, अर्ज मी लिहून देते. पैसे नको.

ज्या मुलीवरच्या अत्याचारानं 1983 मध्ये या देशाचा बलात्काराचा कायदा बदलला, ती आपल्या देसाईगंजच्या ठाण्यात गेली होती, 1972 मध्ये. अत्याचार ठाण्यातच झाला, तरी सर्वोच्च न्यायालयानं आरोपी असलेल्या दोघा पोलिसांना सोडलं होतं. चार प्राध्यापकांनी उघडं पत्र लिहिलं आणि मग देश बोलायला लागला. विदर्भातल्या ठाण्याचं दार अशा कागदांनीच उघडलेलं आहे.

निवृत्त_मेजर

33 वर्षं पोलीस खात्यात होतो, त्यातली सहा मालखान्यात. सगळे वाचले. राग समजतो.

मालखाना म्हणजे काय ते सांगतो. बारा बाय दहाची खोली, पत्र्याचं छत. त्यात पंधरा वर्षांपूर्वीच्या खटल्यांचा मुद्देमाल, दारूच्या कॅन, सायकली, रक्ताचे कपडे. निवडणूक आली की त्यातच तीस-चाळीस बंदुका. प्रत्येकीला सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतात. पावसात ती चिठ्ठी ओली होते, उंदीर सुतळी खातात, चिठ्ठी खाली पडते. झाडणारा ती उचलून जवळच्या बंदुकीला बांधतो. मी हे डोळ्यानं पाह्यलं आहे आणि दोनदा माझ्या हातून तसं झालंही आहे. त्या दोन्ही वेळा मालक ओळखीचे होते म्हणून निभलं.

पण पावती न देणं याला माफी नाही. बेड्यावरच्या पोरा, तुझ्या भावाचं जे झालं त्यालाही नाही. डायरीत नाव न घालता माणूस बसवून ठेवायचे, हे माझ्या काळातही चालायचं. मी स्वतः मारलं नाही, पण खोलीबाहेर उभा राह्यलो आहे. हे आजवर कुठं बोललो नव्हतो.

जागल्या, ठाण्यात गेल्यावर नुसती "बंदूक दाखवा" म्हणू नकोस. जमा शस्त्रांची नोंदवही माग, त्या तारखेची स्टेशन डायरी माग, आणि सगळ्या जमा बंदुकांच्या चिठ्ठ्या नोंदवहीशी ताडून पाहा म्हण. पोलीस पाटलाला सोबत ने. 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमानं तो गावचा जबाबदार माणूस आहे, त्याच्यासमोर वही बंद करणं अवघड जातं. बाबांना ने. बंदूक तेच ओळखतील.

घाटंजीकर

मेजर साहेब, लिहायले हिंमत लागते. मानतो तुमाले.

अन् ताई, तुमच्या भावाचं वाचून माह्या धुऱ्यावरची तार काल काढली. लाईन सोडत नव्हतो मी, नुसता हलका झटका देनाऱ्या मशीनचीच होती. पण पोरं खेळतात तिथं, अन् मशीन कोणी बदलली तर? सोलरची नवी, सरकारमान्य घेईन म्हणतो. परवान्याच्या अर्जाचं काय झालं ते लेखी मागितलं आहे, 60 दिवसाचं कलम लिहून.

जागल्या_राळेगाव

मंडळी, काल जाऊन आलो. पोलीस पाटील, बाबा आणि मी.

अर्ज आधी घेत नव्हते. पाटील शांतपणे म्हणाले, "साहेब, घेत नाही असं लिहून द्या, आम्ही जातो." मग शिक्का मिळाला. ठाणेदार नवीन आहेत, महिनाभरापूर्वी आलेले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, सीसीटीव्हीच्या ओळीवर थांबले आणि मोहररला वही घेऊन यायला सांगितलं. मेजर काका, वहीत बाबांचं नाव होतं! परवाना क्रमांकासकट. फक्त आम्हाला दिलेलं पान वेगळं आणि वही वेगळी.

चिठ्ठ्या ताडायला दीड तास लागला. अठ्ठावीस बंदुका ओट्यावर आडव्या ठेवल्या. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं आहे, त्यांना नीट दिसत नाही. ते खाली बसले आणि एकेका दस्त्यावरून हात फिरवत पुढं सरकत गेले. एकोणिसाव्या का विसाव्या बंदुकीवर हात थांबला. अंगठ्यानं वेढे मोजले. सातवा सैल होता.

चिठ्ठी दुसऱ्याच गावच्या माणसाची होती. घोड्याचा स्प्रिंग तुटला आहे, तो आमच्याकडे असताना ठीक होता, तेही अर्जावर लिहून घेतलं. सही करताना बाबांनी आधी नंबर वाचून घ्यायला लावला, मग सही केली. यावेळची पावती छापील आहे.

बाबा सत्तरीच्या पुढचे, त्यामुळे 2016 च्या नियमांप्रमाणे परवाना माझ्या नावावर घेता येतो. तूरवाली ताई, तुमचं वाचल्यापासून मी अजून अर्ज भरलेला नाही. घरात बोलणं चाललं आहे. सध्या बंदूक रिकामी, कुलपात आहे, आणि जागलीला मी डबा आणि बॅटरी घेऊन जातो.

बेड्यावरच्या दादा, वकील ताईंना निरोप केला का ते कळवा. मेजर काका म्हणतात, लागली तर मी साक्ष देतो. मला त्यांनी फोनवर स्वतः सांगितलं.

आणि एक राह्यलं. ज्यांची चिठ्ठी आमच्या बंदुकीला होती, ते गृहस्थ आमच्यापासून बावीस किलोमीटरवर राहतात. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. आमच्या हातात दिली होती ती बंदूक बहुतेक त्यांची. आज सकाळी फोन लावला, त्यांच्या सुनेनं उचलला. ते सोमवारी ठाण्यात जातात. मीही जाणार आहे सोबत.